स्वतःला प्लेगची लस टोचून घेणाऱ्या हाफकिन यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका का आला?

चिंचवडचा चापेकर चौक माहीत नाही असा माणूस या भागात सापडणं अवघड. आकुर्डी-निगडीचे रहिवासी असोत नाहीतर कुरुळी-चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे कामगार, प्रत्येकाने कधी ना कधी या चौकाचं नाव ऐकलेलं असतं. त्यामागची गोष्टही माहीत असते. १८९७ चा पुण्यातला प्लेग, रँडसाहेबाचा जाच आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाललेल्या गोळ्या.

ही झाली प्लेगच्या नावाखाली झालेल्या जुलमाची गोष्ट.

पण त्याच दिवसांत, त्याच प्लेगची आणखी एक गोष्ट मुंबईत घडत होती. तिथे एक परदेशी माणूस एका खोलीत बसून प्लेगवर लस तयार करत होता. ती लस त्याने सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे या लसीने लाखो लोकांना वाचवलं. आणि त्याच लसीच्या एका बाटलीमुळे पाच वर्षं त्याच्या कपाळावर ठपका राहिला.

त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे, पण त्या नावामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नाही.

ओडेसाचा पोरगा, पॅरिसचा ग्रंथपाल

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेलं, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेलं बंदर. घराणं ज्यू. त्या काळच्या रशियात ज्यूंवर सतत हल्ले व्हायचे. विद्यापीठात शिकत असताना हाफकिन ज्यू वस्त्यांचं रक्षण करणाऱ्या तरुणांच्या गटात होते. १८८१ च्या दंगलीत ते जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली.

त्यांना सोडवायला पुढे आले त्यांचे गुरू इल्या मेचनिकोव्ह. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधून काढणारे आणि पुढे १९०८ चा नोबेल मिळवणारे तेच हे मेचनिकोव्ह.

हाफकिन हुशार होते, पण रशियात त्यांना प्राध्यापक होता येत नव्हतं. अट एकच होती, धर्म बदलायचा. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि तिथून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते. पण जागा कुठली रिकामी होती? सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं.

त्या काळात युरोपला धास्ती होती ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूवर काम सुरू केलं. गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक असे ३९ वेळा जंतू नेऊन त्यांनी एक जहाल वाण तयार केला. दुसरीकडे उष्णतेचा वापर करून एक सौम्य वाण केला. आधी सौम्य टोचायचा, मग जहाल. प्राणी तगले.

आता प्रश्न होता माणसाचा. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी सौम्य लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग जहाल लसही टोचून घेतली.

पण लस घेतलेला माणूस धडधाकट राहिला, एवढ्यावरून ती रोग अडवते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी जिथे पटकीची साथ आहे तिथेच जायला हवं होतं. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, म्हणजे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय. त्यांच्या मदतीने वाट निघाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

पटकीच्या वस्तीत

कलकत्त्यात त्यांना पहिला धडा मिळाला तो लोकांकडून. अनोळखी गोरा माणूस हातात सुई घेऊन वस्तीत आला तर लोक त्याच्यावर विश्वास का ठेवतील?

हाफकिन यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे हिंदी डॉक्टरांना सोबत घेतलं. दुसरी म्हणजे लोकांसमोर आधी स्वतः लस टोचून घ्यायची पद्धत ठेवली. लस घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जबरदस्ती नाही.

१८९४ मध्ये कट्टल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकी शिरली. वस्ती साधारण २०० माणसांची. त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे आणखी दहा जण आजारी पडले आणि सात दगावले. हे सगळे लस न घेतलेले होते.

एकाच वस्तीतली माणसं, एकाच तळ्याचं पाणी पिणारी. फरक फक्त लसीचा. हाफकिन यांचा हट्ट असायचा तो अशाच तुलनेचा. लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच घरात, एकाच परिस्थितीत राहणारे हवेत, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. आज कुठल्याही औषधाच्या चाचणीत असे दोन गट ठेवतात. तेव्हा ही पद्धत रुळलेली नव्हती.

दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी ४२ हजारांहून जास्त लोकांना पटकीची लस टोचली. या धावपळीत मलेरियाने गाठलं म्हणून ते इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये परत आले. त्याच वर्षी मुंबईत उंदीर मरून पडायला लागले.

मुंबईत प्लेग आला

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रुग्ण पाहिले. जोराचा ताप आणि जांघेत, काखेत गाठी. मूळच्या गोव्याच्या या डॉक्टरांनी निदान सांगितलं, प्लेग. शहर हादरलं.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे अजून कुणाला माहीत नव्हतं. तो शोध १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉन यांनी कराचीत लावला आणि तो सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर सरकार घाण, दमट हवा, धान्याची गोदामं अशा सगळ्यांवर संशय घेत होतं. गटारांत औषधं ओतली जात होती आणि घरं चुन्याने रंगवली जात होती. खरा गुन्हेगार उंदराच्या केसांत बसलेला होता.

लोकांना मात्र अनुभवाने एक गोष्ट कळली होती. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत जुनी माणसं अशा आठवणी सांगायची. मुंबईतून तर १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मी वस्ती निघून गेली.

सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ७ ऑक्टोबर १८९६ ला ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण एवढा की एका मदतनीसाची मानसिक अवस्था बिघडली आणि दोघं काम सोडून गेले.

या एका खोलीत तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली.

तूप, बोकडाचं मटण आणि मेलेले जंतू

ही लस बनायची कशी, तेही पाहण्यासारखं आहे.

जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. युरोपात त्यासाठी गोमांस वापरायचे. इथे ते चाललं नसतं हे हाफकिन यांनी ओळखलं आणि बोकडाच्या मटणाचं सूप घेतलं. त्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना चिकटून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला दगडी सुळके लोंबतात तसे. मधूनमधून भांडं हलवायचं म्हणजे ते खाली पडायचे आणि वर नवे वाढायचे. असं काही आठवडे चालायचं.

मग हे सगळं तापवून जंतू मारायचे आणि खराब होऊ नये म्हणून त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं.

मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. पण शरीराला त्याची ओळख पटते. पुढे खरा जंतू आला तर शरीर आधीच तयार असतं. कोविडच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी घेतलेली कोव्हॅक्सिन याच तत्त्वावर बनलेली होती. तिथे जंतूच्या जागी निष्क्रिय केलेला विषाणू होता, एवढाच फरक.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. इतरांना पुढे जेवढी दिली त्याच्या तिपटीहून जास्त मात्रा त्यांनी घेतली होती. सडकून ताप आला, दुखणं आलं, काही दिवसांत उतरलं.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लसीबद्दल विचारण्यात आलं. साधारण दीडशे जणांनी ती घेतली आणि त्याहून थोड्या जास्त कैद्यांनी घेतली नाही. जेवण तेच, कोठड्या त्याच. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघंही जगले.

आजच्या नियमांनी तुरुंगातल्या कैद्यांवर अशी चाचणी सहजासहजी करता येणार नाही. जो माणूस कोठडीत आहे त्याचा होकार कितपत खरा, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो रास्त आहे. पण प्लेगची लस काम करते याचा माणसांवरचा पहिला पुरावा इथून आला, हेही खरं.

पुण्यात सक्ती, मुंबईत समजावणी

आता परत पुण्याकडे येऊ.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. हो, २०२० मध्ये कोविडच्या वेळी लागू झाला तोच कायदा. त्याने अधिकाऱ्यांना जवळपास अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले. देवघर, माजघर काही सोडलं नाही. बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, रुग्णाला घरातून उचलून छावणीत नेणं. लोक रुग्ण लपवायला लागले. रुग्ण लपला की रोग पसरतो. म्हणजे ज्यासाठी सक्ती केली त्याच्या उलट घडलं.

याच दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. रुग्णांना उचलून आणता आणता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दोन महिन्यांपूर्वी मुंबईत लस तयार झाली होती. पण ती अजून प्रयोगाच्या टप्प्यावर होती, पुण्याच्या घराघरांत पोहोचायची होती.

मुंबईतही लोक चिडलेले होतेच. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. लसीबद्दल अफवा उठत होत्या. अशा वातावरणात हाफकिन यांनी कलकत्त्याचाच मार्ग धरला. समाजातल्या मानाच्या माणसांना आधी पटवायचं, म्हणजे बाकीचे येतात.

त्यांना मोठी साथ मिळाली खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांची. वय जेमतेम विशीचं. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेला दिला. खोजा समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली.

२२ जून १८९७ हा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा दिवस. त्या समारंभातून परतताना रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. आणि त्याच महोत्सवानिमित्त जाहीर झालेल्या मानकऱ्यांच्या यादीत हाफकिन यांचं नाव होतं. एकाच साथीशी लढण्याचे दोन मार्ग, आणि दोन्हींचे परिणाम एकाच सोहळ्याला येऊन भिडले.

उंधेराची घरं

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिन यांनी आणखी काटेकोर चाचणी केली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस आणि निम्म्यांना नाही. नंतर काही घरांत प्लेग शिरला. त्या घरांमध्ये लस न घेतलेले ६४ जण होते, त्यातले २६ गेले. लस घेतलेले ७१ होते, त्यातले तीन गेले.

म्हणजे एका बाजूला दर दहात चार मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला दर शंभरात चार.

लस शंभर टक्के नव्हती. हाफकिन तसा दावाही करत नव्हते. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही लस उपयोगी असल्याचं मान्य केलं, पण तिची मात्रा अजून नीट प्रमाणित झालेली नाही हेही नोंदवलं.

१० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. एका खोलीपासून निघालेला माणूस तीन वर्षांत गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात पोहोचला. लसीची मागणी देशभरातून येत होती.

आणि मग आली मुल्कोवालची बातमी.

बाटली क्रमांक ५३-एन

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारने लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली. परळला एवढी लस कधीच बनवावी लागली नव्हती. जुन्या पद्धतीला आठवडे लागायचे. म्हणून हाफकिन यांनी कृती बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळलं आणि निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत आधीपासून वापरात होती, पण इथल्या अधिकाऱ्यांना ती नवखी होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात. त्या दिवशी तिथे १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या उघडल्या गेल्या.

आठवडाभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळेच्या सगळे १९ जण मेले.

या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटली क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतून लस घेतलेले सगळे ठणठणीत होते.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते त्या बाटलीत शिरले होते, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता की ते शिरले कुठे? परळच्या प्रयोगशाळेत बाटली भरताना, की मुल्कोवालला बाटली उघडताना?

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष. आयोगाने निष्कर्ष काढला की दोष परळचा. कार्बोलिक ॲसिड वगळलं हेही हाफकिन यांच्या विरोधात गेलं. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले.

ज्या माणसाने एकाही लसीची पहिली सुई दुसऱ्याला टोचली नव्हती, तो आता १९ माणसांच्या मृत्यूला कारणीभूत ठरला होता.

पाच वर्षं लागलेला न्याय

पण चौकशीच्या कागदांमध्येच एक नोंद होती. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं.

आणखी दोन गोष्टी होत्या. धनुर्वाताचे जंतू वाढले की घाण वास सुटतो. परळमध्ये बाटली भरतानाच ते शिरले असते तर मुल्कोवालला पोहोचेपर्यंत ते वाढले असते आणि बाटली उघडताच वास आला असता. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना वास आला नव्हता. दुसरं म्हणजे, बाटलीत आधीच विष साचलेलं असतं तर लोक फार लवकर आजारी पडले असते. इथे आठवडा गेला. जंतू नुकतेच शिरले असतील तर साधारण एवढाच वेळ लागतो.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हा पुरावा पुन्हा तपासला गेला. प्रा. डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली. आणि मैदानात उतरले रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे हिंदुस्थानात राहून सिद्ध करणारे, १९०२ चे नोबेल विजेते. रॉस यांनी लंडनच्या टाइम्समध्ये लिहायला सुरुवात केली. त्यांचा मुद्दा साधा होता. एका निर्दोष शास्त्रज्ञाला दोषी ठरवलं की लोकांचा विश्वास लसीवरूनच उडतो, आणि मग प्लेगने मरणाऱ्यांची मोजदाद कोण करणार?

जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र टाइम्समध्ये छापून आलं. हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्याने खोटा ठरतो, असा त्याचा आशय होता. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण नुकतंच मिटलं होतं. हाफकिनही ज्यू. त्यामुळे लोक या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायला लागले.

१९०७ च्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. ते परत आले, पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याची झाली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली. नवं मोठं संशोधन पुन्हा त्यांच्या हातून झालं नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले.

त्यांनी लग्न केलं नाही. उतारवयात ते ज्यू धर्माकडे आणि समाजाच्या शिक्षणाकडे वळले. आयुष्यभराची पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू शिक्षणसंस्थांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

मागे काय राहिलं?

हाफकिन हयात असतानाच, १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. प्लेगने भारतात त्या काही दशकांत एक कोटीहून जास्त बळी घेतले. ही लस नसती तर तो आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

पुढे या संस्थेचा धागा आपल्या पिंपरीपर्यंतही आला. हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखे यांच्या काळात तिथे सल्फा औषधं प्लेगवर चालतात का, यावर काम झालं. देशात पेनिसिलिन बनावं म्हणून झटणाऱ्यांतही सोखे होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे पेनिसिलिन बनलं आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. हेच स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवरचं खात्रीचं औषध आहे. ज्या चिंचवडच्या भावांचं आयुष्य प्लेगने बदललं, त्याच्या शेजारीच प्लेग बरा करणारं औषध तयार व्हायला लागलं.

प्लेग मात्र संपलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत तो पुन्हा दिसला. २०१७ मध्ये मादागास्करमध्ये मोठी साथ आली. शास्त्रज्ञ अजूनही त्याचा माग काढत आहेत. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातल्या चौदाव्या शतकातल्या कबरींमधल्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला आणि युरोपातल्या त्या महाभयंकर साथीचा उगम तिथे कुठेतरी असावा असं संशोधकांनी मांडलं. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने प्लेगच्या नव्या लसीची माणसांवर चाचणी सुरू केली. म्हणजे हाफकिन यांनी ग्रँट मेडिकलच्या एका खोलीत सुरू केलेलं काम सव्वाशे वर्षांनंतरही चालूच आहे.

त्या नव्या लसींनाही दोन परीक्षा द्याव्या लागतील, ज्या हाफकिन यांनी दिल्या होत्या. पहिली आकड्यांची. लस घेतलेले आणि न घेतलेले, दोघांची सरळ तुलना. दुसरी लोकांची. सुई टोचून घ्यायला माणूस आपणहून हात पुढे करतो का?

पुण्यात सैनिक घरात घुसले तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. कलकत्त्याच्या वस्तीत डॉक्टरने आधी स्वतःला सुई टोचली तेव्हा ११६ जण रांगेत उभे राहिले. आणि मुल्कोवालला एक चिमटा मातीत पडला, तेव्हा तो विश्वास परत मिळवायला पाच वर्षं आणि दहा शास्त्रज्ञांच्या सह्या लागल्या.

कोविडच्या लसीवेळी आपल्या गल्लीत फिरलेले मेसेज आठवत असतील, तर ही गोष्ट वाटते तितकी जुनी नाही.